नसलेल्या भूमीचा नकाशा आणि काढणाराचे नाव

आपली स्तुती आपणच करणाऱ्यास समर्थांनी ‘दासबोधा’तील मूर्खलक्षणांत गणले आहे, हे बहुतेक मराठी वाचकांस शाळेपासून ठाऊक असते. त्याच ओवीत स्वदेशी राहून विपत्ती भोगणारासही त्यांनी त्याच पंक्तीस बसविले आहे, याचे स्मरण मात्र फारसे कोणी ठेवीत नाही. आमच्या साहित्यव्यवहाराने पहिली शिकवण मनोभावे पाळली आणि दुसरीकडे सोयिस्कर काणाडोळा केला. लेखकाने स्वतःच्या पुस्तकाविषयी चार वाक्ये बोलली की भुवया उंचावतात, आणि चित्रकाराने तर काही बोलूच नये अशी अपेक्षा असते. मुखपृष्ठकाराचे नाव मुद्रकाचा पत्ता आणि पुस्तकाची किंमत यांच्या मधल्या बारीक ओळीत आले की त्याचा सन्मान झाला, असे आपण धरून चालतो.

या संस्कारात वाढलेल्या एखाद्या चित्रकर्तीने रत्नागिरीसारख्या गावी राहून कल्पित भूमींचे नकाशे काढून देण्याचा स्वतंत्र व्यवसाय आरंभिला, तर तिने महाजालावर आपले नाव कसे मांडावे? प्रश्न व्यापाराचा वाटेल आणि अशा पानावर तो का, असेही कोणी विचारील. आमच्या मते तो वाचनाचा प्रश्न आहे, म्हणूनच तो साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे व अध्यापकांपुढे मांडतो आहोत.

आधी व्यवसायाची थोडी ओळख. टॉमस मोरच्या ‘युटोपिया’च्या १५१६ सालच्या पहिल्याच आवृत्तीत त्या नसलेल्या बेटाचे चित्र होते, १५१८ च्या बाझल येथील आवृत्तीसाठी अँब्रोसियस होल्बाइनने ते नव्याने काढले. टॉमस हार्डीने १८७८ मध्ये ‘द रिटर्न ऑफ द नेटिव्ह’साठी आपल्या कथाभूमीचा नकाशा स्वतः रेखाटला. फॉकनरने १९३६ च्या ‘अ‍ॅब्सलम, अ‍ॅब्सलम!’ला आपल्या कल्पित परगण्याचा नकाशा जोडला आणि खाली त्या परगण्याचा एकमेव मालक म्हणून स्वतःचेच नाव घातले. (आत्मस्तुतीचा इतका निर्मळ नमुना दुसरा सापडणे कठीण.) टोल्कीनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधील नकाशे त्याचा पुत्र ख्रिस्तोफर याने काढले. १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आला आणि घरोघरी कल्पित राज्ये रचणारे खेळाडू निर्माण झाले. पुढे २००७ पासून किंडलवर स्वतःच पुस्तक प्रसिद्ध करण्याची सोय झाली, आणि स्वतःच्या खर्चाने नकाशा काढून घेणाऱ्या कादंबरीकारांची त्यात भर पडली. या गिऱ्हाइकाला चित्रकाराचे गाव कोणते याच्याशी कर्तव्य नसते. मुंबईपासून सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटरवर असलेल्या, मोठा प्रकाशक वा चित्रदालन हाताशी नसलेल्या गावातल्या माणसाला हे मोठेच वरदान म्हणावे लागेल. कला शिकण्यासाठी आता जिल्ह्याबाहेर गेलेच पाहिजे असेही नाही. चिपळूणजवळ सावर्ड्याला कलाविद्यालय आहे. शिकून झाल्यावर गाव सोडावा लागतो तो पोटासाठी. म्हणून महाजालावरचे दुकान चालते की नाही, हा प्रश्न पुष्कळांच्या दृष्टीने गावात राहता येते की नाही इतका नेमका असतो.

या दुकानदारीविषयी मिळणारा सल्ला ठराविक आहे. रोज काहीतरी प्रसिद्ध करा, लोक शोधतात ते शब्द चित्राखाली जोडा, जे चालते तेच काढा. शेवटच्या तुकड्यातच सारा घोटाळा आहे. चालते ते काढीत गेले की सगळ्यांचे नकाशे एकसारखे होतात. तोच जुन्या कातड्याचा तपकिरी रंग, तीच त्रिकोणी डोंगरांची माळ, उत्तरेला बर्फ, दक्षिणेला वाळवंट, कोपऱ्यात दिशाचक्र आणि समुद्रात शेपटी उंचावलेला जलचर. रत्नागिरीच्या चित्रकर्तीने काढलेला नकाशा आणि पोलंडच्या चित्रकाराने काढलेला नकाशा यांत फरक उरला तर तो किमतीचा. आणि किमतीच्या स्पर्धेत २०२२ पासून एक असा प्रतिस्पर्धी उतरला आहे, जो दोन ओळींची सूचना मिळताच क्षणार्धात असे चित्र उभे करतो. त्या वर्षीच्या डिसेंबरात ‘आर्टस्टेशन’ या संकेतस्थळावर जगभरच्या चित्रकारांनी आपल्या पानांवर एकच निषेधचित्र लावून यंत्रनिर्मित चित्रांना विरोध केला. त्यांची तक्रार रास्त होती, आणि आपली चित्रे न विचारता यंत्राच्या शिकवणीसाठी घेतली गेल्याचा राग तर सर्वस्वी न्याय्य. तथापि एक कटू गोष्ट बोलणे भाग आहे. जे चित्र कोणीही काढले असते, त्याची कितीही जाहिरात केली तरी ती त्या प्रकारच्या चित्राची जाहिरात होते. काढणाराच्या नावाला त्यातून काही मिळत नाही.

मग नकाशा कोणाचा आहे हे कशावरून ठरते? स्टीव्हन्सनची हकीकत येथे उपयोगी पडेल. १८८१ च्या पावसाळी उन्हाळ्यात, स्कॉटलंडातील ब्रेमार येथे, आपल्या सावत्र मुलासोबत रंगकाम करता करता त्याने एका बेटाचा नकाशा काढला. बेटाचा आकार, त्याची बंदरे आणि ठिकाणांची नावे यांकडे पाहत असता त्याला पात्रे दिसू लागली, आणि ‘ट्रेझर आयलंड’ जन्मास आली. १८८३ मध्ये ती पुस्तकरूपाने निघावयाच्या वेळी त्याने हस्तलिखितासोबत पाठविलेला मूळ नकाशा प्रकाशकास पोहोचलाच नाही. नवा नकाशा करावयाचा तर आता सारी कथा पुन्हा तपासून, तीत आलेले प्रत्येक अंतर आणि दिशा टिपून, त्यांच्याशी जुळेल अशी किनार बेतणे आले. ते काम त्याच्या वडिलांच्या कचेरीत झाले. वडील दीपगृहे बांधणारे अभियंते. कचेरीला नकाशांची सवय होती. त्यांनी उत्साहाने व्हेल मासे आणि गलबते काढून घेतली, कप्तान फ्लिंटची बनावट सहीसुद्धा ठोकून दिली. नकाशा सुबक झाला, परंतु स्टीव्हन्सनला तो कधीच आपल्या बेटाचा वाटला नाही, असे त्याने पुढे लिहून ठेवले आहे.

पहिल्या खेपेस नकाशातून कथा निघाली आणि दुसऱ्या खेपेस कथेतून नकाशा. नकाशे काढून देणारा व्यावसायिक नेहमी दुसऱ्याच खेपेचा माणूस असतो. त्याच्या हाती दुसऱ्याचे लिखाण येते, आणि लेखकाने न सांगितलेले त्याला ठरवावे लागते. नायक सकाळी निघून संध्याकाळी मठात पोहोचतो, तर मठ किती दूर? वाटेत नदी ओलांडल्याचा उल्लेख नाही, तर नदी मठाच्या पलीकडे असणार. हे सूक्ष्म वाचनच आहे. आपण वर्गात ज्याला संहितेचे निकट वाचन म्हणतो, त्याहून ते तसूभरही निराळे नाही. फरक इतकाच की चित्रकर्तीचे वाचन चुकले तर ते लगेच दिसते, आणि आपले चुकलेले पुष्कळदा गुणपत्रिकेत दडून राहते. आर. के. नारायण यांच्या मालगुडीचा नकाशा जेम्स फेनेली या अमेरिकन अभ्यासकाने कादंबऱ्यांतले उल्लेख एकमेकांशी ताडून तयार केला, तो अशाच वाचनाचा प्रकार.

असे असेल तर आमच्या चित्रकर्तीने आपल्या पानावर काय मांडावे हे उघड आहे. तिने आपले वाचन मांडावे. चित्रे वीस नकोत, तीन पुरेत. पण प्रत्येकाशेजारी ही वाट येथून का वळवली, हे गाव नदीच्या अलीकडे का ठेवले, लेखकाने दोन प्रकरणांत दोन निराळी अंतरे दिली तेव्हा कोणते खरे धरले, हे चार ओळींत सांगावे. नकाशा विकत घेऊ पाहणाऱ्या लेखकास रंगछटांपेक्षा हेच हवे असते. आपले पुस्तक कोणीतरी लक्षपूर्वक वाचील, याहून मोठे आमिष लेखकापुढे ठेवता येत नाही.

आणि ही तीन चित्रे कोणत्या भूमीची असावीत? येथे आमचा पक्षपात आम्ही लपवीत नाही. मराठी कथात्मक वाङ्मयात नकाशा क्वचितच आढळतो, आणि नकाशा मागणाऱ्या भूमी मात्र विपुल आहेत. रा. भि. गुंजीकरांनी १८७१ मध्ये ‘मोचनगड’ लिहून मराठी ऐतिहासिक कादंबरीचा आरंभ केला, तो एका कल्पित गडाभोवती. रत्नागिरी जिल्ह्यापुरतेच बोलावयाचे तर श्री. ना. पेंडसे यांची गारंबी आहे, जगबुडीच्या काठचे तुंबाड आहे. ‘गारंबीचा बापू’ १९५२ चा, ‘तुंबाडचे खोत’ १९८७ चा. (२०१८ साली त्याच नावाचा हिंदी चित्रपट आला, पण त्यातले तुंबाड हे निराळेच गाव. एका नावाची दोन तुंबाडे शेजारी शेजारी रेखाटण्याचा मोह एखाद्या नकाशाकारास अजून कसा पडला नाही, याचे आम्हांला नवल वाटते.) या गावांतील घर, नदी, देऊळ आणि वाट यांचे परस्परसंबंध ठरविणे हे परीक्षेतल्या ‘प्रादेशिक कादंबरीची वैशिष्ट्ये’ या प्रश्नाहून अधिक अवघड, आणि अधिक आनंदाचेही, काम आहे.

कोकणात वाढलेल्या डोळ्यास या कामी एक जन्मजात लाभ आहे. कल्पित नकाशांतील सर्वांत नित्याचा दोष नद्यांचा असतो. नदी एका समुद्रातून निघून दुसऱ्यात पडते, किंवा कारण नसता मध्येच दुभंगते. ज्याने खाडी पाहिली आहे तो ही चूक करणार नाही. आमच्या नद्या सह्याद्रीच्या कड्यावरून उतरतात आणि शंभर किलोमीटरच्या आत समुद्राला मिळतात. शेवटचा टप्पा भरती-ओहोटीचा. गलबत भरतीबरोबर आत येते, म्हणून बंदर मुखाशी नसून आत, खाडीच्या माथ्याशी. मुखाशी असतो किल्ला. शास्त्रीच्या मुखाशी जयगड, वाघोटनच्या मुखाशी विजयदुर्ग, दाभोळच्या खाडीच्या मुखाशी अंजनवेलचा गोपाळगड, तिच्याच आत चिपळूण आणि चिपळूणमागे कुंभार्ली घाटाची कऱ्हाडकडे चढणारी वाट. किल्ला, खाडी, बंदर, घाट ही साखळी एकदा समजली की त्या भूमीत जकात कोण घेणार, वेढा कोठे पडणार, गाळ साचून कोणते गाव ओस पडणार, हे कथानक आपोआप दिसू लागते. गाळाने बंदर बसल्याचे उदाहरण हवे तर राजापूर आहेच. खाड्यांच्या मधल्या उंचवट्यांवर सडे: जांभ्याचे उघडे कातळ, पावसाळ्यात चार महिने फुलांनी झाकलेले, एरवी काळेकरडे. त्यांवर कोणी, केव्हा, कशासाठी कोरली याचा उलगडा न झालेली हत्ती-माशांची आणि माणसांची प्रचंड चित्रे. ही कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. अद्भुतकथेस लागणारी इतकी सामग्री पायाखाली असता आमच्या मुलांनी आल्प्सचे त्रिकोण गिरवीत बसावे, ही गोष्ट आम्हांला पटत नाही.

दिशेचेही तसेच. कोकणी बोलण्यात ‘वर’ म्हणजे घाटावर आणि ‘खाली’ म्हणजे समुद्राकडे. या बोलण्याला इमान राखावयाचे तर नकाशाच्या माथ्यावर पूर्व हवी, पायथ्याशी पश्चिम समुद्र. असा एक नकाशा पानावर असला तर पाहणारा थबकेल. आणि महाजालावर पाहणारा थबकणे याहून अधिक काय साधावयाचे असते?

अक्षरांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते, कारण येथे अनुकरण हमखास उघडे पडते. रोमन लिपीत डोंगररांगेचे नाव रांगेभर पसरावयाचे तर अक्षरे सुटी करून ताणता येतात. देवनागरीत तसे केले की शिरोरेषा तुटते, आणि ‘सह्याद्री’ची तीन अक्षरखंडे तीन गावांच्या नावांसारखी दिसू लागतात. मग शिरोरेषाच लांबवावी, डोंगराच्या वळणाने वाकवावी आणि अक्षरे तिला दोरीवरच्या कपड्यांसारखी टांगावी, हा एक मार्ग. मोडी लिहिताना आधी पानभर रेघ ओढून मग तिला अक्षरे लटकवीत, हे येथे आठवावे. खालच्या उकारांसाठी आणि वरच्या वेलांट्यांसाठी किनाऱ्यालगत किती जागा सोडावी, हा दुसरा प्रश्न. चित्रे करण्याच्या जुन्या आज्ञावलींत वेलांटी जागा सोडून जाई आणि जोडाक्षर फुटे, म्हणून अनेकांनी मराठी नावे टाळून रोमन लिपीच धरली. ती अडचण आता बरीच दूर झाली आहे, सवय मात्र उरली आहे. देवनागरी नकाशाक्षराचा हा प्रश्न सोडवून दाखविणारा चित्रकार हिंदी, नेपाळी आणि कोंकणी लेखकांनाही लागेल. त्याचे उत्तर त्याने आपल्या पानावर उघड मांडावे. गुपित राखण्यात लाभ आहे असे पुष्कळांना वाटते. आमचे निरीक्षण उलट आहे. अमेरिकेतील ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या कर्त्यासाठी ‘द लँड्स ऑफ आइस अँड फायर’ हा २०१२ चा नकाशासंच करणारा जोनाथन रॉबर्ट्स आपल्या संकेतस्थळावर डोंगर कसा काढावा, किनारा कसा छटेने उठवावा, हे धडे विनामूल्य देत आला आहे. त्याने काही गिऱ्हाईक गमावले असे दिसत नाही. शिकविणे ही अशी जाहिरात आहे, जी समर्थांच्या लक्षणांत बसत नाही.

आपल्याकडेही स्वतःचे व्यासपीठ स्वतः उभारणारा चित्रकार झालेलाच आहे. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ वार्षिक काढले. इतरांच्या पुस्तकांची मुखपृष्ठे करून नावारूपास आलेल्या माणसाने, आपली चित्रे कोणाच्या मर्जीवर न ठेवता, आपल्याच अंकात मांडली, आणि शेजारी चांगल्या लेखकांचे साहित्य ठेवले. अंक विकत घेणारास चित्रकार जाहिरात करतो आहे असे कधी वाटले नाही, कारण हाती पडत होते ते वाचण्याजोगे होते. महाजालावरचे पान आणि दिवाळी अंक यांत कागदाचा भेद आहे, पण दलालांची युक्ती तीच राहते: चित्र एकटे ठेवू नये, त्याला चांगल्या मजकुराची सोबत द्यावी.

नावाचा प्रश्न उरतो, आणि त्याला कायद्याची बाजू आहे. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात कलात्मक कृतीच्या व्याख्येत रेखाचित्र येते आणि रेखाचित्रात नकाशाचा स्पष्ट उल्लेख आहे. तो नकाशा खऱ्या भूमीचाच असावा अशी अट नाही. कलम ५७ नुसार हक्क विकल्यावरही कृती आपली असल्याचे सांगण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो. विज्ञान भवनातील भित्तिशिल्पाच्या संदर्भात अमरनाथ सहगल यांना दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिलेला न्याय याच कलमावर उभा आहे. कलम १९ सांगते की हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरावी, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. परदेशी गिऱ्हाइकाचे करारपत्र बहुधा सर्व हक्क सदासर्वकाळ मागते, शिवाय पुस्तक निघेपर्यंत चित्र कोठेही दाखवू नये अशी अट घालते. तरुण चित्रकार काम मिळाल्याच्या आनंदात सही करतो आणि मग वर्षभर पानावर लावायला काहीच उरत नाही. तेव्हा पुस्तक निघाल्यावर नकाशा आपल्या पानावर लावण्याची मुभा आणि पुस्तकात नकाशाखाली नाव, ही दोन वाक्ये करारात घालून घेणे हे कोणत्याही प्रसिद्धीच्या युक्तीपेक्षा मोलाचे. मोबदला थोडा कमी करून नाव मिळत असेल तर आरंभीच्या दोन-तीन कामांत तो सौदा आम्हांला वाईट वाटत नाही. ‘नाव होईल’ एवढ्या बोलीवर फुकट काम मागणारास मात्र नम्रपणे दार दाखवावे. मराठी प्रकाशकही या दुसऱ्या वर्गात पुष्कळदा मोडतात, हे सांगताना आम्हांला संकोच वाटतो.

जाता जाता एक दिलासा. खऱ्या भारताचा नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळता प्रसिद्ध केला तर १९६१ च्या कायद्याने सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. मोचनगडाच्या सीमेविषयी असा धोका नाही.

राहता राहिले आपण, साहित्याचे विद्यार्थी आणि अध्यापक. चित्रकर्तीने एकटीने आपले नाव मांडीत राहावे आणि आपण तिच्या संकोचाविषयी सहानुभूती बाळगावी, ही वाटणी न्याय्य नाही. १८२८ पासून वाचनालय चालविणारे हे गाव आहे; केशवसुतांचे मालगुंड येथून तासाभराच्या आत आहे. येथील एखाद्या मराठी विभागाने पुढल्या सत्रात ‘तुंबाडचे खोत’ शिकविताना निबंधाऐवजी नकाशा मागावा. प्रत्येक विद्यार्थ्याने खोतांचा वाडा, नदी आणि वाटा आपल्या वाचनाप्रमाणे कागदावर ठेवाव्यात आणि प्रत्येक खुणेपुढे पृष्ठांक लिहावा. नंतर त्या कागदांवरून पक्का नकाशा करण्याचे काम एखाद्या स्थानिक चित्रकर्तीस रीतसर मोबदला देऊन सोपवावे आणि खाली तिचे नाव ठळक घालावे. दहा कागदांत वाडा दहा ठिकाणी पडला, तर तिने त्या दहाही जागा फिक्या रेघांनी दाखवाव्यात आणि स्वतः निवडलेली अकरावी गडद करून कारणासह आपल्या पानावर लावावी.